बंदिवान म्हणजे चलन नव्हे

युद्धस्य वार्ता रम्या, असे म्हणतात. त्या रम्य वार्तांत छावण्यांचा उल्लेख नसतो. कोणती ठाणी पडली, तहात कोणी काय मिळविले, याचे पोवाडे होतात. पकडलेल्या सैनिकांचे आणि काही गुन्हा नसताना कोंडून ठेवलेल्या नागरिकांचे पुढे काय झाले, हे मात्र परराष्ट्र खात्यांच्या दप्तरात पुरले जाते. या प्रश्नावर समाजवाद्यांची भूमिका निःसंदिग्ध असली पाहिजे, आणि आजवर ती तशी राहिलेली नाही, असे माझे मत आहे.

राजस्थानातील देवळी हे नाव जुन्या कार्यकर्त्यांना परिचित आहे. 1941 साली जयप्रकाश तेथील स्थानबद्धांच्या छावणीत होते. छावणीतील अन्यायाविरुद्ध त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी केलेले दीर्घ उपोषण देशभर गाजले आणि परकीय सरकारलाही स्थानबद्धांना आपापल्या प्रांतांत परत पाठवावे लागले. चौकशीविना माणसाला कोंडून ठेवणे हा अन्याय आहे, हे आपण तेव्हा जगाला सांगत होतो. त्याच देवळीची दारे 1962 च्या नोव्हेंबरात पुन्हा उघडली. या वेळी किल्ल्या स्वतंत्र भारताच्या सरकारच्या हाती होत्या.

चीनचे आक्रमण 20 ऑक्टोबर 1962 रोजी सुरू झाले. 26 ऑक्टोबरला आणीबाणी पुकारली गेली. पाठोपाठ परकीय नागरिकांविषयीचा कायदा असा ताणण्यात आला की, आईबाप किंवा आजीआजोबा यांपैकी एक जण जरी चिनी प्रजाजन असला, तरी माणूस संशयित ठरावा. आसामातील माकूम, शिलाँग, दार्जिलिंग येथून सुमारे 3,000 माणसे देवळीला नेण्यात आली. त्यांत सुतार होते, चांभार होते, उपाहारगृहे चालविणारे होते, शाळकरी मुले होती, अंथरुणाला खिळलेले वृद्ध होते. माकूमच्या कित्येकांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी चहाच्या मळ्यांसाठी आणले होते. त्यांच्या वंशजांनी चीन पाहिलाही नव्हता. हेरगिरीचा आरोप ठेवून त्यांच्यापैकी कोणावर रीतसर खटला चालवावा, एवढे कष्टही सरकारने घेतले नाहीत. 21 नोव्हेंबरला चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली, परंतु देवळीतील शेवटचा माणूस सुटायला 1967 उजाडले.

या काळात दोन्ही सरकारांचे खलिते एकमेकांना जात होते. चीन म्हणे, आमच्या नागरिकांचा छळ होत आहे. भारत म्हणे, त्यांना नीट वागविले जात आहे, आणि न्यायचे असतील तर खुशाल न्या. पकडलेले सुमारे 3,900 भारतीय सैनिक चीनने मे 1963 पर्यंत परत केले आणि आपल्या औदार्याचा डांगोरा पिटला. त्याच वर्षी चिनी जहाजांतून देवळीतील सुमारे 2,400 माणसे मद्रासहून रवाना झाली. दोन्ही राजधान्यांच्या हिशेबात प्रश्न मिटला. चीनला पोहोचलेल्यांपैकी अनेकांची रवानगी सरकारी शेतमळ्यांवर झाली आणि पुढे सांस्कृतिक क्रांतीत त्यांच्याकडे भारताचे हस्तक म्हणून पाहिले गेले. मागे राहिलेल्यांना घरी परतल्यावर घर सापडले नाही, कारण अनेकांची चीजवस्तू लिलावात गेली होती.

येथे जिनीव्हा करारांतील एक मोठी उणीव नजरेस येते. 1949 च्या चौथ्या करारानुसार शत्रुराष्ट्राच्या नागरिकाला, सुरक्षिततेसाठी अगदी अपरिहार्य असेल तरच, स्थानबद्ध करता येते. त्या निर्णयाचा फेरविचार न्यायालयाने वा मंडळाने करावा आणि वर्षातून निदान दोनदा त्याची तपासणी व्हावी, असे कलम 43 सांगते. परंतु हे संरक्षण स्वतःच्याच सरकारने कोंडलेल्या नागरिकाला मिळत नाही, कारण त्याचा रक्षणकर्ता त्याचे सरकारच आहे, असे करार गृहीत धरतो. देवळीतील भारतीय नागरिकांना म्हणूनच कोणी वाली नव्हता. पेकिंगने त्यांना आपले म्हणावे तर ते शत्रू ठरत, दिल्ली तर त्यांना आपले म्हणायलाच तयार नव्हती.

यावर ठराविक उत्तर येते: युद्धात जशास तसे वागावेच लागते, शत्रू आपल्या माणसांना कसे वागवितो हेही पाहावे लागते. मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविले. या युक्तिवादाला त्या शास्त्रात वस्तुविनिमय म्हणतात. एकाच्या ताब्यातील माणसे ही दुसऱ्याच्या ताब्यातील माणसांची किंमत ठरते. एकदा हा व्यवहार मान्य केला की, हाती जितकी जास्त माणसे तितकी पत मोठी, म्हणून निरपराधांना पकडून साठा करणे शहाणपणाचे ठरते. ही केवळ कल्पना नव्हे. ऑक्टोबर 1943 मध्ये, तटस्थ पोर्तुगालच्या ताब्यातील गोव्यात, मुरगाव बंदरात स्वीडिश ‘ग्रिप्सहोम’ आणि जपानी ‘तेइया मारू’ या जहाजांवरील प्रत्येकी सुमारे 1,500 माणसांची अदलाबदल झाली. अनेक जण मृत्यूच्या दाढेतून सुटले, हे त्या मुत्सद्देगिरीचे श्रेय निर्विवाद आहे. पण अमेरिकेने आपली बाजू भरण्यासाठी पेरूसारख्या देशांत राहणारी जपानी कुटुंबे उचलून आणली होती, हेही तितकेच खरे आहे. म्हणूनच 1949 च्या करारांनी बंदिवानांवर सूड उगविण्यास आणि नागरिकांना ओलीस धरण्यास मनाई केली. शत्रूने करार मोडला तरी आपले बंधन सुटत नाही.

तरीही 1971 नंतर उपखंडात हाच बाजार भरला. भारताच्या हाती नागरिकांसह सुमारे 93,000 पाकिस्तानी बंदी होते. प्रत्यक्ष लढाई थांबताच युद्धबंद्यांना विनाविलंब परत पाठवावे, असे तिसऱ्या कराराचे कलम 118 सांगते. येथे त्याला दोन वर्षांहून अधिक काळ लागला. बांगलादेशाची संमती हवी, हे भारताचे कारण खोटे नव्हते, पण सौद्याचा मोहही खोटा नव्हता. तिकडे भुत्तोंनी पाकिस्तानात अडकलेल्या बंगाली लोकांना प्यादी केले. 28 ऑगस्ट 1973 च्या दिल्ली करारानंतर तिन्ही बाजूंनी माणसे हलली आणि 195 युद्धगुन्हेगारांवरील खटल्यांवर 1974 मध्ये पाणी सोडण्यात आले. बांगलादेशातील उर्दूभाषक बिहारी मात्र पाकिस्तानला थोडेच हवे होते. उरलेल्यांच्या वस्त्या छावण्यांतच वसल्या. ढाक्यातील अशा एका वस्तीचे नावच ‘जिनीव्हा कॅम्प’ आहे. त्यांचे नागरिकत्व तेथील उच्च न्यायालयाने मान्य करायला 2008 साल उजाडले.

आता आपल्याविषयी. तिबेटवरील आक्रमणाचा निषेध डॉ. लोहियांनी 1950 मध्येच केला होता, याचा आपल्याला अभिमान आहे. पण विस्तारवादी चीन आणि माकूमचा चिनी वंशाचा सुतार यांत फरक करण्याचे काम 1962 च्या त्या ज्वरात आपल्यापैकी किती जणांनी केले? जयप्रकाशांच्या देवळीचे स्मरण ठेवणाऱ्यांना ही दुसरी देवळी ठाऊक नसावी, ही आपली उणीव आहे. आसामीत रीता चौधुरी यांची ‘माकाम’ ही कादंबरी 2010 मध्ये आली. आपल्या अभ्यासवर्गांत या विषयाला आजही जागा नाही.

साठ वर्षांपूर्वीचे मढे का उकरता, असे विचारणाऱ्यांना उत्तर आहे. अमेरिका व कॅनडा यांनी 1988 मध्ये जपानी वंशाच्या नागरिकांची माफी मागितली आणि हयात असलेल्यांना भरपाई दिली. भारत सरकारने देवळीबद्दल अशी माफी मागितलेली नाही. उलट, 1968 च्या शत्रू मालमत्ता कायद्यात 2017 मध्ये अशी दुरुस्ती झाली की, वारस भारतीय नागरिक असला तरी त्याला अशा मालमत्तेवर हक्क सांगता येऊ नये. वंशावरून शत्रुत्व ठरविण्याची वृत्ती आज कायद्यात अधिकच पक्की झाली आहे.

मागण्या तीन आहेत. देवळीतील स्थानबद्धांची संसदेने ठरावाद्वारे माफी मागावी. 2017 ची दुरुस्ती रद्द व्हावी. आणि कोणत्याही युद्धात वा आणीबाणीत स्थानबद्ध केलेल्या व्यक्तीला, मग ती नागरिक असो वा परकी, किमान जिनीव्हा कराराइतका फेरविचाराचा हक्क भारतीय कायद्याने द्यावा. 

पालघरच्या किनाऱ्यावरील कार्यकर्त्यांना यातले मर्म समजावून सांगावे लागणार नाही. तेथील खलाशी मासेमारी करताना पाकिस्तानच्या हाती लागतात, शिक्षा संपली तरी दोन सरकारांचे संबंध सुधारण्याची वाट पाहत तुरुंगात राहतात, आणि घरची माणसे कैद्यांच्या यादीत नाव शोधत बसतात. कराचीच्या तुरुंगातील आपल्या खलाशासाठी आपण जो न्याय मागतो, तोच भारतातील तुरुंगात असलेल्या पाकिस्तानी कोळ्यासाठी मागण्याची आपली तयारी असली पाहिजे. ती नसेल, तर जयप्रकाशांच्या उपोषणाचे नाव घेण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.