काठावरची नदी

गेल्या वर्षी एम.ए.च्या एका विद्यार्थिनीने लघुप्रबंधासाठी विषय दिला : भीमाकाठच्या भोई समाजाची नदीविषयक शब्दसंपदा आणि कथने. मुलगी त्याच समाजातली. घरात आजोबांपासून जाळे आहे. विषय समितीपुढे गेला आणि 'हा समाजशास्त्राचा विषय, फार तर बोलीविज्ञानाचा. साहित्याचा नव्हे' असा शेरा घेऊन परत आला. सोबत, बहुधा सद्भावनेनेच, पर्यायी शीर्षक सुचवलेले होते : 'आधुनिक मराठी कवितेतील नदीची प्रतिमा'. प्रस्तुत लेखकांपैकी एक जण त्या समितीवर होता आणि त्या वेळी गप्प बसला होता. तेव्हा पुढे जे खरमरीत लिहिले जाणार आहे त्याचा पहिला वाटा आमच्याच पदरात पडतो, हे आधी नोंदवून ठेवतो.

आमचे म्हणणे असे की मराठी साहित्याने, आणि त्याहून अधिक मराठी समीक्षेने, नदी काठावरून पाहिली. घाटाच्या पायरीवरून, वाळवंटातून, पुलाच्या कठड्यावरून. ती कधी माता झाली, कधी तीर्थ, कधी काळाचे रूपक; अलीकडे ती प्रदूषणाने मरणासन्न झालेली माता आहे. या साऱ्या दर्शनांत पाहणारा कोरडा असतो. कमरेइतक्या पाण्यात उभा राहून पोट भरणारा माणूस या चित्रात आलाच तर नावाडी म्हणून येतो, पैलतीरी पोचवणारा, म्हणजे पुन्हा रूपकच. आणि मासा? संतकाव्यातली मासोळी पाण्याबाहेर तळमळते, कारण तिला भक्ताचे काम करायचे असते. ती मरळ होती की शिंगटी, हे विचारणे आपल्याकडे अरसिकपणाचे लक्षण ठरते.

आपल्या नदीविषयक प्रवासवाङ्मयाचा मानाचा प्रकार म्हणजे परिक्रमा. गो. नी. दांडेकरांच्या 'कुणा एकाची भ्रमणगाथा'चे मोठेपण आम्ही वर्गात शिकवतो आणि मनापासून मानतो. पण परिक्रमेचा नियमच असा की नर्मदा ओलांडायची नाही. ती उजव्या हाताला ठेवून चालत राहायचे. श्रद्धेच्या आचारात हा नियम सुंदर आहे. साहित्यविचाराने तो नकळत सगळ्या नद्यांना लावला, हे आमचे दुखणे.

समितीचा शेरा मनातून जाईना, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघांनी एक उद्योग केला. हवा भरायचे दोन कयाक उसने घेतले, तंबू घेतला, आणि पेडगावपासून सिद्धटेक, भिगवण या बाजूने पळसदेवपर्यंत भीमेच्या पाण्यातून तीन दिवस गेलो. पुण्याला वल्हवण्याचे वावडे आहे असे नाही. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या बोट क्लबाची रेगाटा १९२८ पासूनची आहे. पण आम्ही मराठीवाले. आमच्यापैकी एकालाही वल्हे धरता येत नव्हते. पहिल्या दिवशी सिद्धटेकला पोचेपर्यंत हाताला फोड आले. दुसऱ्या दिवशी उजनीच्या फुगवट्यात शिरलो आणि दुपारी वारा सुटला. डिकसळचा जुना रेल्वेपूल समोर दिसत होता आणि आम्ही आडवे भलतीकडे चाललो होतो. त्या धांदलीत आमचे वल्हे कुणाच्या तरी पसरलेल्या जाळ्यात अडकले आणि ओढाताणीत जाळे हातभर फाटले. जाळ्याचा मालक होडी घेऊन आला. आधी त्याने आम्हांला सोडवले, मग मनसोक्त सुनावले, मग नुकसानीचे पैसे घेतले. ते घेणे रास्तच होते. निसर्गाच्या निर्मनुष्य कुशीत रमल्याची जी वर्णने हल्ली सहलींच्या वृत्तांतांतून वाचायला मिळतात, त्यांत असे जाळे का लागत नाही याचे आम्हांला तेव्हापासून कुतूहल आहे. वर्णनातली नदी रिकामी असते. आम्हांला ती रिकामी मिळाली नाही. हातभर अंतरावर कुणाचा तरी उदरनिर्वाह तरंगत होता.

त्याच गृहस्थांच्या वस्तीजवळ आम्ही रात्री तंबू ठोकला. त्यांना आम्ही मामा म्हणू लागलो. ते आम्हांला 'सर' म्हणत, आणि त्यात थोडी थट्टा होती. तिसऱ्या दिवशी पहाटे ते आम्हांला गळ टाकायला घेऊन गेले. गळ त्यांचा, आमिष त्यांचे, आमचे फक्त हात. दोन तासांत एक चिलापी लागली. (चिलापी मूळची आफ्रिकेतली, भारतात ती १९५२ साली आणली गेली. आज भिगवणच्या बाजारात तिचेच ढीग असतात.) पण त्या दोन तासांत आम्ही जे ऐकले त्यासाठी हा लेख आहे.

मामा पाण्याबद्दल बोलताना विशेषणे जवळजवळ वापरत नाहीत, क्रियापदे वापरतात. पाणी उतरते, फुगते, निवळते, वळते, बसते. "हितं वड न्हाई त्याला. पाणी बसलंय," असे ते म्हणाले तेव्हा उजनीच्या ११७ टीएमसी साठ्याबद्दल आणि १९८० साली पुऱ्या झालेल्या त्या धरणाबद्दल आम्ही जे काही वाचले होते ते एका क्रियापदात आले. पुढे एका जागी वल्हे थांबवून म्हणाले, "ह्या जागी डव्ह व्हता. आता समदाच डव्ह." त्यांचे जुने घर त्याच पाण्याखाली आहे. धरणग्रस्तांवर आपल्याकडे लिहिले गेलेले नाही असे कोण म्हणेल? विश्वास पाटलांची 'झाडाझडती' १९९२ च्या साहित्य अकादमी पुरस्काराने गौरवली गेली. पण तिथला शोक मुख्यतः जमिनीचा आहे. ज्याची शेती गेली त्याला कादंबरी मिळाली. ज्याचा डोह गेला त्याला अजून परिच्छेदही मिळालेला नाही.

आता 'हा साहित्याचा विषय नव्हे' या शेऱ्याकडे वळू. मराठीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला 'मानसोल्लास' ठाऊक असतो, एका वाक्यापुरता. चालुक्य राजा सोमेश्वराचा हा शके १०५१ चा संस्कृत ग्रंथ. महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात असा उल्लेख त्यात आहे, म्हणून मराठीच्या प्राचीनत्वाचा पुरावा म्हणून तो परीक्षेला येतो. त्याच ग्रंथात 'मत्स्यविनोद' नावाचे प्रकरण आहे. त्यात गळाने मासे धरण्याची विद्या सांगितली आहे : काठी कशी असावी, दोर कसा, मासे एका जागी येण्याची सवय त्यांना कशी लावावी, कोणत्या जातीला कोणते आमिष. सुमारे पस्तीस प्रकारच्या माशांचा तो हिशेब आहे. त्यावर अभ्यास केला तो सुंदरलाल होरा या प्राणिशास्त्रज्ञाने, १९५१ साली. मराठीच्या प्राध्यापकांनी ओवीचे वाक्य उचलले आणि माशांची पाने उलटून पुढे गेले. कांडणाऱ्या बाईचे गाणे वाङ्मयेतिहासात बसते, तर गळ टाकणाऱ्याची विद्या का बसत नाही, याचे उत्तर ग्रंथात नाही. ते आपल्या स्वयंपाकघरात आहे, आपल्या आडनावांत आहे. मराठी विभागांमधून दीर्घकाळ ज्यांनी अभ्यासक्रम ठरवले त्यांच्यातल्या बहुतेकांच्या घरी नदीचा मासा शिजत नव्हता. ही निंदा नव्हे. आमच्यापैकी दोघांच्या घरी तो आजही शिजत नाही. पण जे घरी शिजत नाही ते साहित्यातही नसते असा नियम होऊ लागला, तर त्याला अभिरुची म्हणता येत नाही.

दुसरा पुरावा पुण्याचाच आहे. १८२४ ते १८३१ या काळात विल्यम हेन्री साइक्स नावाचा लष्करी अधिकारी मुंबई सरकारसाठी दख्खनची पाहणी करत होता. त्याने इथल्या नद्यांतल्या माशांची वर्णने १८३९ साली लंडनला प्रसिद्ध केली, आणि नावे देताना कितीतरी ठिकाणी कोळ्या-भोयांच्या तोंडचे शब्दच लॅटिनच्या साच्यात घातले : खुद्री, कोलुस, शिंगटी, शिंगाळा, मुसल्ला, नुक्ता. आज जगभर ज्या महाशीर माशाला 'टॉर खुद्री' म्हणतात तो त्याला मिळाला पुण्याच्या पूर्वेला आठेक मैलांवर, मुळा-मुठेत. नुक्ता मिळाला चाकणजवळ इंद्रायणीत, मुसल्ला शिरूरला घोडनदीत. ज्या पेडगावाहून आम्ही कयाक पाण्यात सोडले तिथल्या भीमेतूनही त्याने मासे नेले आहेत. म्हणजे जगातला कुठलाही मत्स्यशास्त्रज्ञ हे मराठी शब्द रोज उच्चारतो. मराठीच्या एम.ए.ला ते अनोळखी आहेत. साइक्सने ते इंग्रजी कानांनी ऐकले, त्यामुळे मूळ उच्चार खुद्री की खुडरी हे लॅटिनवरून ठरवता येत नाही. ते ठरवायचे तर मामांसारख्यांना विचारावे लागेल. आणि हे काम मत्स्यशास्त्राचे नाही, आमच्या विभागाचे आहे.

योगायोग पाहा. त्याच १८३९ साली अमेरिकेत हेन्री डेव्हिड थोरो आणि त्याचा भाऊ स्वतः बांधलेली होडी घेऊन काँकॉर्ड आणि मेरिमॅक या नद्यांवर फिरायला निघाले. रात्री काठावर तंबू, दिवसा वल्हवणे. दहा वर्षांनी त्यावर जे पुस्तक आले त्याच्या आरंभीच्या प्रकरणात काँकॉर्ड नदीतल्या माशांबद्दल पानेच्या पाने आहेत, आणि त्यामुळे ते साहित्य नव्हे असे कुणी म्हणत नाही. इंग्रजीत तर आयझॅक वॉल्टनचे गळाच्या विद्येवरचे पुस्तक १६५३ पासून अभिजात म्हणून वाचले जाते. आमचेच सहकारी पर्यावरणवादी समीक्षेच्या चर्चासत्रात थोरोचा हवाला देतात, आणि दुपारच्या जेवणानंतर भोई मुलीचा विषय समाजशास्त्राकडे पाठवतात.

कुणी म्हणेल, शब्दांची यादी म्हणजे साहित्य नव्हे. मान्य. पण ज्या भाषेत शब्दच उरलेला नाही त्या भाषेत प्रतिमा कुठून येणार? शिवाय मामांनी आम्हांला यादी दिली नाही, गोष्टी सांगितल्या. मारुती चितमपल्लींनी हे कधीच ओळखले होते. नवेगावबांधच्या तळ्याकाठी त्यांनी जे ऐकले ते ढीवर-केवटांकडून ऐकले, आणि ते ऋण त्यांनी लपवले नाही. २०२५ साली ते गेले तेव्हा आपण सगळ्यांनी 'अरण्यऋषी' म्हणून श्रद्धांजली वाहिली. त्यांचे लेखन अजून ललित गद्याच्या एका घटकापुरते शिकवले जाते. त्यांनी ज्या रीतीने ज्ञान मिळवले ती रीत शिकवली जात नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो आमच्याच विद्यार्थ्यांनी घेतला : तुम्ही पगारदार मास्तर, तीन दिवस उसन्या कयाकमधून हिंडून भोयांच्या वतीने बोलणार? याला आमच्याकडे पुरते उत्तर नाही. फाटलेले जाळे हेच आमच्या सहलीचे खरे चित्र आहे. पण म्हणूनच तो प्रबंध आम्ही लिहावा असे आम्ही म्हणत नाही. जिने तो लिहायला घेतला होता तिच्या वाटेतून आम्ही बाजूला व्हावे, एवढेच म्हणतो.

काठावरून पाहण्याची सवय पुस्तकापुरती राहत नाही. पुण्यात मुळा-मुठेच्या सुमारे ४४ किलोमीटर लांबीच्या नदीकाठ विकासाची पायाभरणी मार्च २०२२ मध्ये झाली. त्यावर पर्यावरणवाद्यांचे आक्षेप आहेत, न्यायालयीन लढे झाले आहेत. त्या तपशिलात इथे शिरत नाही. आम्हांला नजरेत भरले ते त्याचे नाव. विकास काठाचा. फिरायला, बसायला, पाहायला जागा. शहराचे सांडपाणी पुढे वाहत भीमेला मिळते आणि उजनीत मामांच्या जाळ्यापर्यंत पोचते. काठावर बसलेल्याला ते दिसायचे कारण नाही. ज्या नागर मराठी मनाला ही कल्पना सुंदर वाटते, त्याला नदी म्हणजे काठ असे कुणी शिकवले, याचा शोध अभियंत्यांकडे घेऊ नये. आमच्या क्रमिक पुस्तकांकडे घ्यावा.

साइक्सच्या यादीतली नावे आम्ही मामांना वाचून दाखवली होती. शिंगटी, कोळस, शिंगाळा यांना त्यांनी मान हलवली. मुसल्ला म्हटल्यावर थोडा वेळ थांबले, मग नाही म्हणाले. नुक्ता म्हटल्यावर काही कळले नाही. मग आम्ही वर्णन केले, नाकाडावर टेंगूळ असलेला मासा. तेव्हा ते हसले आणि बोट नाकावर ठेवून म्हणाले, "त्यो व्हय? आमचा म्हातारा सांगायचा." त्यांनी स्वतः तो पाहिलेला नाही. म्हातारा त्याला काय म्हणायचा, ते त्यांना आठवेना. बहिणीला ठाऊक असेल, ती पलीकडच्या काठाला दिली आहे, विचारून ठेवतो म्हणाले.

विद्यार्थिनीचा अर्ज आम्ही या सत्रात समितीपुढे पुन्हा ठेवला आहे. शीर्षक तेच आहे. या खेपेला मार्गदर्शक म्हणून त्यावर आम्हां तिघांच्याही सह्या आहेत, त्यात गेल्या वेळी गप्प बसलेल्याची पहिली.