पायऱ्या न चढता ग्रंथालयात

तुम्ही इंदूरला असा की बडोद्याला, मुंबईच्या टाउन हॉलमधलं जुनं पुस्तक आता मोबाइलवर शोधता येतं. 1804 साली स्थापन झालेल्या एशियाटिक सोसायटीनं दुर्मीळ पुस्तकं, वर्तमानपत्रं, नकाशे स्कॅन करून ‘ग्रंथसंजीवनी’ या संकेतस्थळावर ठेवले आहेत. हात लावताच तुकडे पडणारा कागद त्यामुळे सारखा हाताळावा लागत नाही.

पण स्कॅन म्हणजे पानाचा फोटो. त्यातली अक्षरं संगणकाला वाचता आली नाहीत, तर पुस्तक फक्त सूचीतल्या नोंदीवरूनच सापडतं. (म्हणून स्कॅनरइतकाच खर्च सूची करणाऱ्या माणसांवरही व्हावा, असं मला वाटतं.) देवनागरीत नाव टाकून काही आलं नाही, तर रोमन लिपीत टाका. स्पेलिंग बदला, आडनावानं शोधा. ‘पुस्तक नाही’ हे त्यानंतर ठरवा.