जुनी आवृत्ती, चालू दुकान

ग्राफिक्स सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की जुनी ठेवायची की काढायची, याचा निकाल कंपनीने बहुधा आधीच लावलेला असतो. अ‍ॅडोबीच्या क्रिएटिव्ह क्लाउडमध्ये अपग्रेड करताना जुन्या आवृत्त्या काढण्याच्या पर्यायावर बरोबरची खूण आगाऊच असते. ती पुसायची तर पुढचे पर्याय उघडून बघावे लागतात. अहेरीसारख्या गावात लग्नपत्रिका, दसऱ्याचे फ्लेक्स आणि नेत्यांचे वाढदिवस (हे वर्षभर येतात) यांवर चालणाऱ्या डीटीपीच्या दुकानाला ही खूण महागात पडू शकते.

अडचण जुन्या फाइलींची आहे. पेजमेकरच्या ६ आणि ७ या आवृत्त्यांतल्या फाइली २०१२च्या इनडिझाइन सीएस६पर्यंत उघडत. २०१३मध्ये क्रिएटिव्ह क्लाउडसोबत आलेल्या इनडिझाइनने ते दार बंद केले. ज्याने सीएस६ काढून टाकले, त्याच्या जुन्या स्मरणिका आणि पतसंस्थांचे अहवाल संगणकात आहेत. फक्त दिसत नाहीत. शिवाय श्री-लिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या फॉन्टांत केलेल्या मजकुरात देवनागरी नसतेच. आत इंग्रजी कळांचे संकेत, वर मराठी अक्षरांचे रूप. फॉन्ट उडाला की वधूवरांच्या नावांच्या जागी निव्वळ चिन्हे उरतात.

म्हणून जुनेच कवटाळून बसावे, असेही नाही. मजकूर आता व्हॉट्सअ‍ॅपवरून युनिकोडमध्ये येतो आणि कोरल ड्रॉच्या जुन्या आवृत्तीत तो चिकटवला की वेलांटी भलत्याच अक्षराला लागते, जोडाक्षरे फुटतात. अहेरीच्या भागात तेलुगू आणि गोंडीही चालतात. गोंडीच्या मसराम आणि गुंजाळा या दोन लिप्यांना युनिकोडमध्ये जागा मिळाली ती २०१७ आणि २०१८ साली. त्याआधीच्या सॉफ्टवेअरला त्यांचा पत्ता असण्याचे कारण नाही.

नव्यात केलेली कोरलची फाइल मात्र जुन्यात उघडत नाही. दुकानाने कितीही नवी आवृत्ती घेतली, तरी चंद्रपूरच्या किंवा नागपूरच्या छपाईवाल्याकडे जुनी असेल तर फाइल खालच्या आवृत्तीतच सेव्ह करून, अक्षरे कर्व्ह करून पाठवावी लागते. थोडक्यात, अपग्रेडची तारीख छपाईच्या मशीनशेजारचा संगणक ठरवतो.

तेव्हा नवी आवृत्ती जुनीच्या शेजारी बसवावी आणि एक लग्नसराई दोन्ही चालू द्याव्यात. फॉन्ट, टेम्प्लेट, ब्रश वेगळ्या डिस्कवर घ्यावेत. लागणाऱ्या जुन्या फाइलींची पीडीएफ करावी, तीही फॉन्टसह. प्लगइन नव्यात चालते का, ते तपासावे. मगच जुनी काढावी, आणि ती विंडोजच्या अनइन्स्टॉलमधून. डेस्कटॉपवरचा आयकॉन डिलीट केल्याने सॉफ्टवेअर जात नाही, नुसते दिसेनासे होते; सी ड्राइव्हमधले फोल्डर उडवले तर नोंदी मागे राहतात आणि पुढचे इन्स्टॉलेशन अडू शकते. संगणकच विकायचा असेल तर आधी परवाना त्यावरून सोडवून घ्यावा, कारण अ‍ॅडोबीचे वैयक्तिक सदस्यत्व एका वेळी दोनच संगणकांवर सक्रिय राहते. ज्यांची प्रत मुळात बिलाशिवाय आली, त्यांना यातले शेवटचे कलम लागू नाही, अपग्रेडही नाही.