यादीतून सुटका, कुऱ्हाडीतून नाही

चाळीस वर्षांपूर्वी, तेव्हाच्या मध्य प्रदेशात बस्तरमध्ये उपविभागीय अधिकारी असताना, मी एका जुन्या वडाच्या तोडीस मंजुरी दिली. त्या वडावर शेकडो वटवाघळे लटकत आणि रात्री पेरूची बाग फस्त करीत, अशी बागमालकाची तक्रार होती. मी १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा उघडला. पाचव्या अनुसूचीत ‘उपद्रवी’ म्हणून उंदीर, घुशी आणि कावळ्याच्या पंक्तीला फलाहारी वटवाघळे बसवलेली होती. मी सही केली.

त्याच गावात मोहाच्या हंगामात मी मुक्काम केला होता आणि रात्रभर झाडांत पंखांची फडफड ऐकली होती. या दोन गोष्टींचा संबंध मला निवृत्तीनंतरच्या वाचनात उमगला. मोहाचे फूल रात्री उमलते. वटवाघूळ त्याचा गोड, मांसल भाग ओढून नेते. स्त्रीकेसर मात्र जागेवरच राहतो. तोंडाला चिकटलेले परागकण पुढच्या झाडावर पोचतात. फळे पिकली की त्यांच्या बियाही तेच दूरवर टाकते. मोहफुलांना शासन किमान आधारभूत किंमत देते. यंदाची फुले गळून वेचणाऱ्यांच्या टोपलीत पडतीलच. पण बी, तेल आणि उद्याची झाडे यांत या निशाचराचा मोठा वाटा आहे.

दिवसपाळी पक्ष्यांची. पळसाच्या फुलात शिंजीर चोच घालतो. काटेसावरीच्या मधुरसासाठी मैना, बुलबुल, कोतवाल येतात आणि तोच ‘उपद्रवी’ कावळाही. म्हणजे कायद्याने ज्या मोजक्या जीवांना शत्रू ठरवले, त्यांतले दोन जंगलाचे सेवक निघाले. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला यात वसाहतकाळाची सावली दिसते. हिंस्र श्वापदांच्या शिरांवर बक्षिसे लावणाऱ्या राजवटीची उपयुक्त-उपद्रवी ही विभागणी आपण स्वतंत्र भारताच्या कायद्यातही पुढे चालवली.

२०२२च्या दुरुस्तीने ती अनुसूची रद्द झाली, हे स्वागतार्हच. परंतु एखाद्या प्राण्याला ठरावीक प्रदेशात व मुदतीपुरते उपद्रवी घोषित करण्याचा केंद्राचा अधिकार कायम आहे आणि वटवाघळांचे आश्रयवृक्षही असुरक्षितच आहेत. रस्तारुंदीच्या प्रस्तावात झाडे मोजली जातात. त्यांवर कोण राहते, हे बहुधा कोणी विचारत नाही.

यावर निपाहचा दाखला दिला जाईल. २००१मध्ये सिलिगुडी आणि २०१८मध्ये कोझिकोडे येथे या आजाराने बळी घेतले. त्याचा विषाणू फलाहारी वटवाघळांत वास करतो, हे खरे आहे. म्हणूनच उष्टी फळे आणि कच्ची ताडी-नीरा टाळावी, रोगनिरीक्षण सतत चालू ठेवावे. पण वसाहत उधळल्याने विषाणू संपत नाही. बिथरलेली वटवाघळे दुसरीकडे जातात, इतकेच.

उपाय खर्चिक नाहीत. २००२च्या जैविक विविधता कायद्याखाली गावोगावी लोकजैवविविधता नोंदवह्या करावयाच्या आहेत. त्यांत आश्रयवृक्षांची नोंद व्हावी. अशा वृक्षाच्या तोडीपूर्वी स्थानिक समितीचे मत घेणे बंधनकारक असावे. बागाईतदारांना जाळ्यांसाठी अनुदान मिळावे, कारण त्यांचे नुकसानही खोटे नाही. बिहारमधील सरसई गाव पिढ्यान्‌पिढ्या आपल्या वटवाघळांना जपत आले आहे. तेथील लोकांना कोणत्याही अनुसूचीची गरज भासली नाही.

माझ्या त्या आदेशात सारे काही नियमानुसार होते. आज तीच फाइल एखाद्या तरुण अधिकाऱ्यासमोर आली, तर सही करण्यापूर्वी त्याने एक रात्र त्या झाडाखाली काढावी, एवढीच माझी विनंती आहे.