चाप ओढला, पण बार उडालाच नाही. परवान्याच्या काडतुसांचे काय?

बेळगाव : ऑक्टोबर 2018 मध्ये उत्तर प्रदेशातील संभल जिल्ह्यात चकमकीच्या वेळी एका पोलीस अधिकाऱ्याचं शस्त्र ऐनवेळी चाललं नाही आणि त्यांनी तोंडानेच 'ठांय ठांय' असा आवाज काढला. व्हिडिओ देशभर फिरला, लोक पोट धरून हसले. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये बिहारचे माजी मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्रा यांच्या अंत्यसंस्कारावेळी मानवंदनेसाठी उचललेल्या 22 रायफलींपैकी एकीचाही बार उडाला नाही. तेव्हाही हसू झालं. पण सरकारी शस्त्रागारातल्या हत्यारांची ही गत असेल, तर कपाटात वर्षानुवर्षे पडून असलेल्या खाजगी रिव्हॉल्व्हरची काय असेल?

काडतुसाच्या बुडाशी एक छोटी धातूची टोपी असते, तिला प्राईमर म्हणतात. आत चिमूटभर स्फोटक मिश्रण, बहुतेक वेळा लेड स्टिफनेट. घोडा पडला की फायरिंग पिन टोपीवर आदळते, मिश्रण चिरडून ठिणगी पडते आणि ती बारीक छिद्रातून दारूपर्यंत जाते. खानापूरच्या जंगलपट्ट्यातील ठासणीच्या बंदुकीचं तत्त्व वेगळं नाही. पावसात टोपी ओलावली की डुक्कर समोर उभं राहतं आणि बार उडत नाही, हे तिथल्या शेतकऱ्याला वेगळं शिकवावं लागत नाही.

काडतूस फुसकं निघालं की दोष बहुतेक वेळा काडतुसावरच टाकला जातो. ते नेहमीच खरं नसतं. वापरलेल्या टोपीवरची खूण पाहावी. खड्डा खोल असूनही बार उडाला नसेल, तर संशय प्राईमरवर. खूण उथळ असेल, तर दोष हत्यारात : स्प्रिंग कमजोर, पिन झिजलेली किंवा जुनं तेल चिकट होऊन बसलेलं. चाप हलका व्हावा म्हणून कोणाकडून तरी स्प्रिंग घासून घेणारे महाभाग आहेत. चाप हलका होतो, पण सोबत घोड्याचा मारही हलका होतो.

तेलाचा दुसरा धोकाही आहे. हत्यार चकाचक ठेवण्याच्या नादात भरलेल्या चेंबरमध्ये तेल सोडलं, तर ते झिरपून प्राईमर निकामी करू शकतं. चामड्याच्या पट्ट्यात महिनोन्महिने खोचून ठेवलेल्या काडतुसांवर हिरवट गंज चढतो. आपल्याकडचा जून ते सप्टेंबरचा दमटपणा त्यात भर घालतो.

रिव्हॉल्व्हरची सोय अशी की एक काडतूस फसलं तरी चाप पुन्हा ओढला की पुढचं समोर येतं. पिस्तुलात स्लाईड ओढून फसलेलं बाहेर काढावं लागतं. मात्र सरावाच्या ठिकाणी घाई नको. कधीकधी ठिणगी उशिरा पोहोचते आणि बार क्षणभराने उडतो. म्हणून नळी सुरक्षित दिशेला धरून किमान 30 सेकंद थांबायचं. आवाज दबका आला तर त्याहून वाईट : गोळी नळीतच अडकलेली असू शकते. तशात दुसरा बार काढला तर नळी फाटते.

खरी अडचण नियमांच्या कडेला आहे. एका वेळी किती काडतुसे बाळगायची आणि वर्षाला किती घ्यायची, हे परवान्यावर लिहिलेलं असतं. चाचणीला उडवायची तर जागा हवी, आणि रेंज प्रत्येक तालुक्यात नाही. शेतात हवेत बार काढून बघावा तर तक्रार होते. परिणामी परवान्याचं नूतनीकरण वेळेवर होतं, काडतुसे मात्र जुनीच राहतात. कागद ताजा, माल शिळा. नूतनीकरणावेळी पोलिसांच्या देखरेखीखाली दोन-चार बार काढून पाहण्याची सोय झाली, तर खर्च फारसा नाही.

निवडणूक आली की हत्यारं ठाण्यात जमा करावी लागतात. 2023 मध्ये विधानसभेसाठी, 2024 मध्ये लोकसभेसाठी. लोकसभेची आचारसंहिता 16 मार्चला लागली आणि निकाल 4 जूनला आला, म्हणजे हत्यार घरी यायला पावसाळा दारात. परत घेताना अनेकजण पावती बघतात आणि पिशवीत घालून निघतात. नळी, स्प्रिंग, गंज कोण बघतो? जिल्हा आणि तालुका पंचायतींची मुदत 2021 मध्येच संपली आहे. त्या निवडणुका लागल्या की हीच रांग पुन्हा ठाण्याच्या दारात लागेल.