मुदत त्यांची, भुर्दंड आपला

माहितीच्या अर्जांना उत्तर देण्यासाठी तीस दिवस पुरत नाहीत, कर्मचारी थोडे आहेत, जुनी दप्तरे धुंडाळावी लागतात, सबब ही मुदत वाढवून मिळावी, असा सूर सरकारी कचेऱ्यांतून अधूनमधून उमटत असतो. वरकरणी ही मागणी समंजस वाटते. आणखी महिनाभराने कुणाचे काय बिघडणार? सीमाभागातील मराठी माणसाने या प्रश्नाचे उत्तर नीट समजून घेतले पाहिजे. कारण जे बिघडणार आहे, ते सर्वांत आधी त्याचेच.

प्रथम कायदा पाहू. माहिती अधिकार अधिनियम, २००५ चे कलम ७ सांगते की, माहिती शक्य तितक्या लवकर आणि कोणत्याही परिस्थितीत तीस दिवसांच्या आत दिली पाहिजे. व्यक्तीच्या जीविताचा वा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल, तर अठ्ठेचाळीस तासांत. तीस दिवस ही कमाल मर्यादा होती. कचेऱ्यांनी ती किमान मानली. त्याच कलमात पुढे म्हटले आहे की, मुदतीत निर्णय दिला नाही, तर अर्ज नाकारला असे समजले जाईल. विलंब आणि नकार यांना कायद्यानेच एका पंक्तीत बसवले आहे. म्हणून मुदतवाढीची मागणी ही प्रत्यक्षात नकाराला सभ्य वस्त्रे नेसवण्याची मागणी आहे.

शिवाय ही मुदत आजच पुरेशी सैल आहे. अर्ज दुसऱ्या कचेरीकडे वर्ग करायला पाच दिवस. प्रतींचे शुल्क कळवल्यापासून ते भरेपर्यंतचा काळ हिशेबातून वजा. माहिती त्रयस्थ पक्षाशी संबंधित असेल, तर चाळीस दिवस. पहिल्या अपिलाला तीस दिवस, कारणे लेखी नोंदवून पंचेचाळीसपर्यंत. आणि दुसरे अपील माहिती आयोगाकडे गेले की मुदतच नाही! नागरिकाने ते नव्वद दिवसांत दाखल केलेच पाहिजे. आयोगाने ते किती दिवसांत निकाली काढावे, याविषयी कायदा मौन बाळगतो. ज्या साखळीचे शेवटचे टोक मोकळेच सोडले आहे, तिची पहिली कडीही सैल करा, असे म्हणणाऱ्यांचा हेतू काय समजावा?

आता सीमाभागाकडे वळू. कलम ६ नुसार अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या क्षेत्राच्या राजभाषेत करायचा असतो. बेळगाव, खानापूर वा निपाणीच्या शेतकऱ्याला आपल्या मातृभाषेत अर्ज करण्याचा हक्क हे कलम देत नाही. संविधानाचे कलम ३५० मात्र कोणत्याही गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क प्रत्येकाला देते. म्हणजे गाऱ्हाणे मराठीत मांडता येते. पण ते गाऱ्हाणे ज्या कागदावर उभे राहायचे, तो कागद मराठीत मागता येत नाही. कर्नाटकाच्या नियमांनी अर्जाला एकाच विषयाची आणि दीडशे शब्दांची मर्यादा घातली आहे, ती वेगळीच. मग लिहून देणारा शोधा, उत्तर कन्नडमध्ये आले की वाचून देणारा शोधा. या शोधाशोधीत जाणारे दिवस कुठल्याही कायद्याच्या मोजणीत येत नाहीत. ते आपण आपल्या पदरचे घालतो.

एक उदाहरण घ्या. राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन संपादित करण्याचा इरादा राजपत्रात प्रसिद्ध झाला की, १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग अधिनियमानुसार हरकत नोंदवायला एकवीस दिवस मिळतात. शेतकऱ्याने पहिल्याच दिवशी नकाशा आणि सर्वेक्षणाचे कागद मागितले, तरी उत्तर तिसाव्या दिवशी आले तर हरकतीची वेळ नऊ दिवसांपूर्वी टळलेली असते. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने हरकतीसाठी साठ दिवस दिले आहेत. तिथे आज तीस दिवसांत उत्तर मिळाले, तर ते वाचून घ्यायला, समजून घ्यायला आणि हरकत लिहायला महिना उरतो. माहितीची मुदत साठ दिवसांची करा, की तो महिनाही गेला. हलगा-मच्छे बायपासच्या वादात पिकत्या जमिनी वाचवण्यासाठी न्यायालयाच्या पायऱ्या झिजवणाऱ्या शेतकऱ्यांना कागद वेळेवर हाती असण्याचे मोल सांगायला नको. मराठी शाळेतील रिक्त शिक्षकपदांचा तपशील शाळा सुरू होण्याआधी मिळाला तर पालक काही करू शकतात. दिवाळीनंतर मिळाला तर तो केवळ इतिहास असतो.

अन्यायाचे मूळ इथे आहे. नागरिकाची मुदत दगडावरची रेघ, सरकारची मुदत पाण्यावरची. आपली तारीख चुकली की हक्क बुडाला. त्यांची चुकली की मुदतवाढ.

‘कर्मचाऱ्यांवर फार ताण आहे हो,’ असे सांगितले जाते. ताण खरा असेल. पण त्याची सोय कायद्यात आहेच. मागितलेल्या स्वरूपात माहिती देताना साधनसामग्री अवाजवी प्रमाणात खर्ची पडत असेल, तर ती अन्य स्वरूपात देता येते. विलंबाला वाजवी कारण असेल, तर रोजचा अडीचशे आणि कमाल पंचवीस हजार रुपयांचा दंडही होत नाही. आणि अर्जांचा ढीग वाढतो का? कलम ४ ने प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाला आपली मूलभूत माहिती कायदा झाल्यापासून १२० दिवसांत आपणहून प्रसिद्ध करायला सांगितले होते. ती मुदत २००५ सालीच संपली. ते कर्तव्य नीट पाळले असते, तर निम्म्या अर्जांची गरजच उरली नसती. जुनी थकबाकी न फेडता नवी उधारी मागणाऱ्याला कोणता सावकार उभा करील?

संकटाच्या नावाने दिलेली मुदतवाढही मागे घ्यायला लावता येते. एप्रिल २०२० मध्ये स्कॉटलंडच्या संसदेने साथीचे कारण देऊन माहितीच्या उत्तराची मुदत वीस कार्यदिवसांवरून साठवर नेली. टीका झाली, आणि मे महिन्यातच तिने ती पुन्हा वीसवर आणली. साथ तेव्हा सरली नव्हती. लोक गप्प बसले नव्हते, इतकेच.

आपली मागणी उलट दिशेची असली पाहिजे. तीस दिवसांना हात लावू नका. दुसऱ्या अपिलालाही मुदत घाला. जिथे भूसंपादनाची हरकत प्रलंबित आहे, तिथे हरकतीची मुदत उलटण्याआधी कागद द्या, नाहीतर माहिती मिळेपर्यंत ती मुदत थांबवा. आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या तालुक्यांत मराठी अर्ज स्वीकारा.

तोवर आपल्या हाती आहे ते चोख करू या. अर्जाची पोच घ्या, तिच्यावरील तारीख जपा. एकतिसाव्या दिवशी पहिले अपील तयार ठेवा, आणि उशिरा दिलेली माहिती कलम ७(६) प्रमाणे विनाशुल्क मागा. ज्याला आपल्या तारखा पाठ असतात, त्याला टोलवणे कचेरीला जड जाते.