रेझ्युमे जोडण्याचा सोस

अमेरिकेतल्या पदवी अभ्यासक्रमासाठी अर्ज भरणाऱ्या मुलामुलींच्या घरी ऐन मुदतीच्या तोंडावर एक वाद झडतो. एकाच अर्जावर अनेक कॉलेजांत जाता येणाऱ्या कॉमन अ‍ॅपचा फॉर्म तर भरून झाला, आता सोबत रेझ्युमे जोडायचा का? पुण्या-मुंबईतले बरेच काउन्सेलर आणि न्यू जर्सीतले काका-मावशी एका सुरात सांगतात, जोडून टाका, नुकसान तर काही नाही! माझे मत नेमके उलटे आहे. कॉलेजने मागितला नसेल तर रेझ्युमे जोडू नये.

जोडा म्हणणाऱ्यांची पहिली तक्रार जागेची. उपक्रमांना दहाच रकाने आणि एकेकाच्या वर्णनाला जेमतेम १५० अक्षरे, तीही मोकळ्या जागा धरून. एवढ्यात मुलाचे सारे कर्तृत्व कसे मावणार? पण सारे कर्तृत्व मागितलेय कोणी? हिशेब नववीपासूनचा आहे. दुसरीतल्या वेशभूषा स्पर्धेचे प्रशस्तिपत्रक घरीच राहू द्यावे. एमआयटी आपल्या अर्जात चारच उपक्रम लिहू देते. ज्यांना जास्त हवे असते ते तशी सोय करतात: कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्जात उपक्रम, पुरस्कार वगैरे मिळून वीस नोंदी करता येतात. जागा चुकून कमी पडलेली नाही. काय ठेवायचे आणि काय गाळायचे हे अर्जदाराने ठरवावे, म्हणूनच ती कमी ठेवली आहे.

खरी गोम मात्र वेगळीच आहे. कॉमन अ‍ॅपमध्ये प्रत्येक उपक्रमापुढे आठवड्याचे किती तास आणि वर्षातले किती आठवडे, हे भरावे लागते. रेझ्युमे हे विचारत नाही. ‘संस्थापक-अध्यक्ष, पर्यावरण मंच’ असे ठळक अक्षरांत छापले की काम झाले. तोच मंच फॉर्मवर ‘आठवड्याला १ तास, वर्षाला ४ आठवडे’ असा उतरतो आणि अध्यक्षपदाची हवा निघते. उलट रोज संध्याकाळी वडिलांच्या दुकानात गल्ल्यावर बसणारा मुलगा किंवा अंथरुणाला खिळलेल्या आजीचे सगळे करणारी मुलगी रेझ्युमेच्या तयार साच्यात कुठेच बसत नाही. कॉमन अ‍ॅपच्या यादीत ‘कौटुंबिक जबाबदाऱ्या’ आणि ‘पगारी काम’ असे वेगळे प्रकारच दिलेले आहेत. तिथे आठवड्याचे पंधरा तास भरले की कोणत्याही विशेषणाची गरज उरत नाही.

फॉर्मवरही खोटे लिहिता येते, हे कबूल. म्हणून तर कॅलिफोर्निया विद्यापीठ काही अर्जदारांकडे लिहिलेल्या गोष्टींचा पुरावा मागते. पण फुगवलेल्या कागदाची मजल कुठवर जाते, ते अमेरिकी कॉलेजांच्या २०१९च्या प्रवेश घोटाळ्यात दिसलेच आहे. कधी वल्हे हाती न धरलेली मुले कागदोपत्री नौकानयनपटू झाली होती!

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. आपल्याकडच्या गोष्टी अमेरिकनांना कळणार कशा? रास्त प्रश्न, पण रेझ्युमे त्याचे उत्तर नव्हे. ‘गांधर्व महाविद्यालय मंडळ, मध्यमा पूर्ण, प्रथम श्रेणी’ ही ओळ बोस्टनमधल्या वाचणाऱ्याला काय सांगणार? त्यापेक्षा फॉर्मवर लिहावे: ‘हिंदुस्थानी गायन, विशारदच्या वाटेवरची पाचवी परीक्षा उत्तीर्ण, दर रविवारी लहान मुलांना अलंकार-पलटे शिकवते.’ इंग्रजीतही हे १५० अक्षरांत आरामात बसते. त्यातूनही काही समजावायचे राहिलेच, तर जादा माहितीसाठी स्वतंत्र रकाना आहे.

आणि ‘नुकसान तर काही नाही’? हजारोंनी अर्ज वाचणाऱ्या माणसापुढे त्याच दहा गोष्टी दुसऱ्यांदा ठेवायच्या, त्याही अधिक लांबण लावून, याला मी तरी नुकसानच म्हणेन.

काही कॉलेजे रेझ्युमेसाठी वेगळी जागा देतात. तिथे तो द्यावा, शक्यतो एका पानात, आणि फॉर्ममध्ये न मावलेला तपशील त्यात असावा: संशोधन नेमके कशावर केले, नाटकांत कोणत्या भूमिका केल्या.

रेझ्युमे करूच नका, असे मी म्हणत नाही. जरूर करा, पण तो द्या शिफारसपत्र लिहिणाऱ्या शिक्षकांना. शंभर-सव्वाशेच्या वर्गात शिकवणाऱ्या आपल्या ज्युनिअर कॉलेजच्या सरांना किंवा मॅडमना तुमचा रोल नंबर माहीत असतो. तुम्ही शनिवारी काय करता ते नसते. मुदतीच्या आदल्या आठवड्यात नव्हे, चांगला महिनाभर आधी तो कागद त्यांच्या हाती ठेवा आणि दहा मिनिटे बसून बोला.